पाचाच्या पुढचा ट्रेबल

त्या एका वर्षात दादाच्या हाताखालून चार अ‍ॅम्प गेले. चारही माझ्या टेबलावर येऊन गेले, आणि चारांपैकी एकही बिघडलेला नव्हता.

मी गिटारचे अ‍ॅम्प दुरुस्त करते; गिटारचा आवाज मोठा करणारी ती खोकी. रस्त्यापासून चार पायऱ्या खाली एक खोली आहे. एक खिडकी, एक लांब टेबल, भिंतीला वायरींची भेंडोळी. सोल्डरिंगला आम्ही डाग देणं म्हणतो, म्हणून दादाने मला डागदरबाई करून टाकलंय.

या धंद्यात हत्यारांपेक्षा भाषा जास्त शिकावी लागते. गिटारवाला कधी सांगणार नाही की अमुक ठिकाणी व्होल्ट कमी पडताहेत. तो म्हणणार, आवाज कोरडा झालाय, जरा ओला करून द्या. एकाला आवाज काचेसारखा हवा असतो, टिचकी मारली की किणकिणेल असा. एकाला घोगरा हवा, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या घशासारखा. एक निवृत्त पोस्टमन येतात, त्यांना सूर नाकातून आलेला खपत नाही, बेंबीतून यायला हवा. लांब्या म्हणून एक उंच गिटारवाला आहे. घरात पाय ठेवायला जागा नाही, पण अ‍ॅम्प सहा, आणि सहाही जणींच्या स्वभावाबद्दल तो तासभर बोलू शकतो: ही चिडली की गोड बोलते, हिला आधी तापू द्यावं लागतं, ही मेली फक्त पावसाळी हवेत खुलते. मी सगळं ऐकून घेते आणि मनातल्या मनात भाषांतर करते. ओला म्हणजे हा व्हॉल्व्ह, आतली ती तापणारी काचेची नळी; घोगरा म्हणजे तो स्पीकर. बहुतेक वेळा जमतं.

दादाच्या बाबतीत भाषांतराची गरजच नव्हती. मी शाळेत असताना पलीकडच्या खोलीत तो आपला आवाज घोटत बसायचा, त्यामुळे तो आवाज मला पाढ्यांसारखा पाठ होता. फार चकचकीत नाही, फार जाड नाही. वरच्या बाजूला किंचित वाळूची खरखर, आणि सोडलेला सूर सावकाश, कुणाला न दुखवता निघून जायचा. बोळातून चालताना वरच्या मजल्यावर तो वाजवतोय हे तीन सुरांत कळायचं. कितीतरी जण मला येऊन म्हणायचे, तुमच्या दादासारखा आवाज काढून द्या. मी सांगायचे, तेवढं सोडून बोला.

पहिली तक्रार आली ती म्हातारीबद्दल. म्हातारी म्हणजे त्याचा सर्वांत जुना अ‍ॅम्प. बावीस वर्षं त्याने दुसऱ्या कशाला हात लावला नव्हता. एका सकाळी तो तिला घेऊन आला, टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हिच्यावर कुणीतरी घोंगडी टाकलीय."

"म्हणजे?"

"आवाज घोंगडीखालून येतोय. वरचं सगळं गेलंय. बघ तूच."

मी बघितलं. व्हॉल्व्ह तपासले, स्पीकर तपासला, यंत्र लावून आकडे घेतले. सगळं जागच्या जागी होतं. पण दादा म्हणतोय म्हणजे काहीतरी असणार, म्हणून मी व्हॉल्व्ह नवे घातले. तो खूश होऊन गेला आणि पंधरा दिवसांत परत आला.

दोन महिन्यांत म्हातारीला मी पाच वेळा उघडलं. शेवटी परगावी राहायला निघालेल्या एका गिटारवाल्याला त्याने ती देऊन टाकली. मी नको नको म्हणत राहिले. मग आला निळा अ‍ॅम्प, काचेसारख्या आवाजासाठी लोक ज्याच्यामागे वेडे असतात तो. अशा आवाजाने दात शिवशिवतात, असं म्हणत दादाने आयुष्यभर नाक मुरडलं होतं. आता महिनाभर निळ्याचं कौतुक चाललं. मग निळ्यावरही घोंगडी पडली. मग तिसरा आला, काळा.

त्या दिवसांत माणूस एका जागी बसेना. माझ्याकडे आला की खुर्ची रिकामी असून उभा. माझा ड्रॉवर उघडायचा, बंद करायचा, पक्कड उचलायची, दुसरीकडे ठेवायची. मग ती मला दिवसभर सापडायची नाही. वाजवतानाही तेच. दोन ओळींच्या मधे हात मागे जायचा आणि ट्रेबलचं, म्हणजे वरच्या सुरांचं, बटण केसभर पुढे सरकायचं. पुढच्या गाण्यात आणखी केसभर. वहिनी मोजणीच्या ऑफिसात नकाशे काढते, तिची नजर बारीक. ती म्हणाली, "जेवतानाही ताटाच्या कडेवरून बोट फिरवत असतो. तिथेही एखादं बटण असल्यासारखं."

आणि मग ती दुपार आली. मी एका स्पीकरची तपासणी करत होते. त्यासाठी माझ्याकडे एक यंत्र आहे. तबकडी फिरवावी तसा एकच सलग सूर निघतो, खालच्या घुमणाऱ्या आवाजापासून पार वरच्या किंकाळीपर्यंत. ते वरच्या टोकाकडे लावलेलं होतं, स्पीकरमधून सुईसारखी शिट्टी येत होती, आणि तेवढ्यात बाहेर पायरीवर कुरिअरवाला आला. मी सही करायला गेले. परत आले तर दादा आत येऊन बसलेला. बसलेला, म्हणजे खरोखर खुर्चीवर टेकलेला. स्पीकर त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावर किंचाळत होता आणि तो चहाचा कप हातात घेऊन वर्तमानपत्र वाचत होता.

"किती शांत असतं गं तुझ्याकडे," तो म्हणाला. "घरी नाहीतर सारखं काही ना काही चालू."

मी यंत्र बंद केलं. त्याने मान वर केली नाही.

मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. सर्दी असेल, कानात मळ असेल, असं मी स्वतःला समजावलं, आणि त्यातलं काही नाही हेही मला ठाऊक होतं. तीस वर्षं ढोलाशेजारी आणि अ‍ॅम्पसमोर उभं राहिलेला माणूस. त्याच्यापाशी कानाशिवाय दुसरं आहे काय? त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी कानाडोळा केला, आणि करतच राहिले.

पुढच्या आठवड्यात गायिका आली. ही दादाबरोबर अठरा वर्षं गातेय. ती, दादा आणि ढोलवाला असा तिघांचा संच आहे. त्यांची नवी गाणी तीन आठवड्यांत रेकॉर्ड व्हायची होती. आल्या आल्या ती खुर्चीवर बसली आणि दोन्ही हातांनी कपाळ दाबलं.

"तुझा भाऊ माझ्या डोक्यात सुया टोचतोय," ती म्हणाली. "तालीम संपली की मला अंधारात पडून राहावं लागतं. ढोलवाला कानात कापूस घालून बसतो."

"त्याला सांग ना."

"चार वेळा सांगितलं. म्हणतो, काय बोलतेस, आवाज तर बसलाय. आणि पुन्हा वाढवतो." तिने कपाळावरचे हात काढले. "तू आतून काही करू शकतेस का? म्हणजे त्याने बटण कितीही फिरवलं तरी पुढे जाणार नाही असं. त्याला कळू न देता."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "काळा अ‍ॅम्प घेऊन ये. सफाई करायचीय म्हणून सांग."

काम दहा मिनिटांचं होतं. गव्हाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर, दोन डाग. बटण दहापर्यंत फिरत राहणार, पण पाचाच्या पुढे आवाज तिथेच उभा.

तालमीची जागा एका गोदामाच्या वर होती. दोन दिवसांनी मी तिथे गेले. गायिकेचा चेहरा निवळला होता. ढोलवाल्याने कापूस काढला होता. दादा मात्र अ‍ॅम्पसमोर उकिडवा बसून बटण फिरवत होता, पुढे, मागे, पुढे.

"इकडे ये," तो म्हणाला. "हे बघ, हा पाच. हा दहा. काही फरक पडतोय का?"

"पडतोय की," मी म्हणाले.

"मला नाही वाटत."

"थोडासा पडतो. तो असतोच थोडासा."

त्याने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, संशयही नव्हता; आपण शुद्धीवर आहोत ना, हे दुसऱ्याच्या चेहऱ्यावर शोधणाऱ्या माणसाची नजर होती ती. मग त्याने पुन्हा बटण फिरवलं. त्या संध्याकाळी वहिनीचा फोन आला, की घरी आल्यापासून तो खिडकीतून दारापर्यंत आणि दारातून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालतोय आणि विचारतोय, माणसाचं डोकं बिघडायला लागलं तर त्याला स्वतःला ते कळतं का.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "रेकॉर्डिंगचं टेन्शन असेल, वहिनी."

काळा त्याने लांब्याला देऊन टाकला आणि चौथा आणला. लांब्या नवा अ‍ॅम्प हाती आला की आधी त्याचं पोट उघडून बघतो. त्याला आत माझा रेझिस्टर दिसला. त्याच्या मनात काहीच वाकडं नव्हतं. उलट त्याने कौतुकाने दादाला फोन केला: तुमच्या बहिणीने ट्रेबल काय झकास बांधून ठेवलाय, डाग बघताच ओळखलं, इतका गोल डाग दुसरं कुणी देत नाही, पण केलंय कशासाठी?

दुपारी दोनच्या सुमाराला दादा चार पायऱ्या उतरून आला. एका हातात चौथा अ‍ॅम्प, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली. अ‍ॅम्प टेबलावर ठेवला आणि मूठ उघडली. लांब्याकडून काढून आणलेला रेझिस्टर माझ्या वहीवर पडला.

"हे कोणी लावलं?"

"मी."

"यात पण काही घालायचं होतं का? आणलाय. घाल."

"दादा, बस जरा."

"मी बसणार नाही. मी वेड्यासारखा बटण फिरवत होतो आणि तू माझ्या तोंडावर सांगितलंस, फरक पडतोय. का?"

मी कितीतरी वाक्यं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. "तुला वरचं ऐकू येत नाही," मी म्हणाले. "अ‍ॅम्प चांगले आहेत. चारही चांगलेच होते."

तो उभाच राहिला. मग म्हणाला, "कशावरून?"

मी त्या दुपारचं सांगितलं, चहाचं आणि वर्तमानपत्राचं. त्याने मला अडवलं नाही. सांगून झाल्यावर यंत्राकडे बोट दाखवून म्हणाला, "लाव."

मी लावलं. खालून सुरू केलं आणि हळूहळू वर नेत गेले. तो डोळे मिटून म्हणत होता, "आहे. आहे. आहे." सेकंदाला तीन हजार कंपनांच्या पुढे "आहे" जरा उशिरा यायला लागलं. मग आलंच नाही. आकडा होता तीन हजार सातशे.

"थांबवलंस का?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"नाही. वाजतंय."

"वाजतंय?"

"हो."

"कसं वाजतंय?"

"शिट्टीसारखं. फार वर नाहीये अजून. लहान मूल शीळ घालतं ना, त्याच्या जरा वर."

त्याने डोळे उघडले, स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "आणि हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"गायिकेला अंदाज असेल. मला नक्की."

"तुला नक्की," तो म्हणाला. अ‍ॅम्प तिथेच सोडून तो निघून गेला.

पाच दिवस त्याने माझा फोन उचलला नाही. वहिनीकडून कळत होतं. गिटारची केस उघडलेली नाही. घरातली प्रत्येक वस्तू वाजवून बघतो: चमचा, किल्ल्या, काचेचं भांडं, आणि तिला विचारतो, तुला कसं येतं ऐकू, आणि कितपत. मग तिनेच रजा टाकून त्याला कानाच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवून तासभर तपासलं. वरचे सूर कायमचे गेलेत, परत येणार नाहीत; मशीन लावलं तर बोलणं स्पष्ट ऐकू येईल, गाण्याचं मात्र सांगता येत नाही; आणि यापुढे जपलं नाही तर उरलेलंही जाईल. दादाने फक्त एक प्रश्न विचारला: माझ्यासारखे तुमच्याकडे किती येतात? त्या म्हणाल्या, भरपूर येतात, पण उशिरा येतात.

सहाव्या दिवशी तो माझ्या दारात उभा होता. आत आला नाही, पायरीवरूनच बोलला.

"गायिकेने दुसरा गिटारवाला बघितलाय का?"

"नाही. ती म्हणते, तू नाही तर गाणी पुढे ढकलू."

"ढकलून काय उगवणार आहे?" तो म्हणाला. "सोमवारी स्टुडिओत ये. वहिनीलाही आणतोय. आणि खोटं बोलायचं असेल तर येऊ नकोस."

सोमवारी सकाळी आम्ही स्टुडिओत जमलो. दादाने माझ्याकडे राहिलेला चौथा अ‍ॅम्प आणायला नकार दिला. स्टुडिओतलाच एक साधा, बऱ्यापैकी झिजलेला अ‍ॅम्प होता, तो पुढे ओढला आणि सगळी बटणं शून्यावर आणली. आम्हा तिघींना काचेपलीकडे उभं केलं आणि म्हणाला, "मी वाजवत फिरवतो. नीट वाटलं की हात वर करा."

त्याला वाटलं होतं, तीन हात एकदम वर होतील. गायिकेचा हात साडेतीनला वर झाला. माझा पाचाला. वहिनीने हात वर केलाच नाही.

"तुझं काय?" दादाने विचारलं.

"मला गिटारमधलं काय कळतंय," वहिनी म्हणाली.

"कान आहेत ना? आमच्यात तेवढीच अट आहे."

मग वहिनीने त्याला मागे ये, आणखी मागे, आता थोडं पुढे, असं करत चाराच्या जरा अलीकडे थांबवलं. गायिका म्हणाली, हे जास्त आहे. मी म्हणाले, हे कमी आहे. दहा मिनिटं आमचा तिघींचा वाद चालला आणि दादा काचेपलीकडून एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. इतकी वर्षं आपला म्हणून जो एक पक्का आवाज त्याला ठाऊक होता, तो आम्हा तिघींच्या डोक्यात तीन निरनिराळ्या जागी होता. शेवटी त्याने पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा वहिनीच्या खुणेवर लावला. "घरात हिच्याशीच भांडायचंय," तो म्हणाला, "तेव्हा इथे तरी हिचं ऐकतो."

पहिला दिवस वाईट गेला. त्याला स्वतःचं वाजवणं घोंगडीखालून ऐकू येत होतं, म्हणून तो तारा जोरात छेडायचा. दोन तारा तुटल्या, आणि आवाज इतका कडक झाला की गायिका मधेच थांबली. ती आत गेली, त्याच्या शेजारी स्टुलावर बसली आणि काहीतरी हळू बोलली. त्याने कान पुढे केला. ती पुन्हा बोलली, या वेळी मोठ्याने, त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं: "तुला कमी वाटेल तेवढंच वाजव. उरलेलं मी सांभाळून घेते."

दुसऱ्या दिवशी तो तसं वाजवायला लागला. ते बघणंही अवघड होतं. वाजवताना तो मान खाली घालून, ओठ आवळून असायचा, काळोखात जिना उतरणाऱ्या माणसासारखा, पुढची पायरी आहे असं धरून चाललेला. आणि पायरी असायची. गाणं संपलं की रेकॉर्ड केलेलं ऐकायला तो थांबायचा नाही. बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन फेऱ्या मारायचा आणि मी बाहेर आले की विचारायचा, "कसं?"

"चांगलं."

"खरं?"

"खरं."

चौथ्या गाण्याला त्याने विचारलं तेव्हा मी म्हणाले, "वाईट. घाईत होतास, शेवटची ओळ तर नुसती ढकललीस."

तो उभा राहिला. मला वाटलं आता चिडणार. तो म्हणाला, "हं. आता बाकीच्या तिन्हींवर विश्वास ठेवतो," आणि आत जाऊन ते गाणं पुन्हा वाजवलं.

चार दिवसांत सात गाणी झाली. रेकॉर्डिंग करणाऱ्याने वायरी गुंडाळताना सहज विचारलं की आवाज सुंदर आला, बटणं कुठल्या आकड्यांवर ठेवली होतीत, लिहून ठेवतो. दादा म्हणाला, "बायकोला विचारा."

परतताना मी त्यांच्या गाडीत मागे बसले. संध्याकाळची गर्दी होती. दादा गाडी चालवत होता आणि प्रत्येक सिग्नलला स्टिअरिंगवर बोटं नाचवत होता. मला वाटलं, आता बोलायला हरकत नाही, म्हणून मी म्हणाले, "दादा, त्या रेझिस्टरचं..."

"तुझ्यावरचा राग गेलेला नाही," तो आरशात बघून म्हणाला. "जाईल तेव्हा सांगेन. घाई करू नकोस."

"बरं."

पुढच्या चौकात त्याने डावीकडे वळण घेतलं. वळून झालं, गाडी सरळ धावायला लागली, आणि वहिनीने न बोलता हात लांब करून स्टिअरिंगजवळची दांडी खाली केली.

"काय केलंस?" त्याने विचारलं.

"इंडिकेटर बंद केला."

"तो आपोआप बंद होतो."

"नाही होत. टकटक करत राहतो."



"कधीपासून बंद करतेस?"

"झालं असेल दीड वर्ष," वहिनी म्हणाली.

दादाने मान हलवली. पुढचं वळण आलं तेव्हा त्याने इंडिकेटर लावला, वळला, आणि वहिनीचा हात पुढे येण्याआधी स्वतः दांडीला हात घालून विचारलं, "आता बंद झाला?"

"झाला."

त्याने पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. तो मात्र त्याला स्वच्छ ऐकू आला.